निरपराध भुंगेरा आणि आजारी झाड

एका जिवाला जगवण्यासाठी दुसऱ्या असंख्य जिवांना मारणे भाग पडते, तेव्हा त्या कृतीचे नैतिक स्वरूप काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने फार जुन्या काळापासून हाताळला आहे. परंतु ज्याला मारायचे तो जीव कोणावर चाल करून आलेला नाही, आपल्या हातून काही बिघडते आहे हे त्याला कळणे शक्य नाही, आणि ज्याला वाचवायचे ते झाड आपली बाजू मांडू शकत नाही, अशा वेळी तो प्रश्न अधिकच अवघड होतो. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत असा प्रसंग प्रत्यक्षात उभा राहिला आहे. या काउंटीचे मुख्य शहर असलेल्या सॅन होजेमध्ये 2023-24 च्या सुमारास झाडांच्या खोडांत 'इनव्हेझिव शॉट-होल बोरर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुंगेऱ्याचे अस्तित्व सिद्ध झाले, आणि तेव्हापासून काउंटीचे कृषी अधिकारी, राज्याचे अन्न व कृषी खाते आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विस्तार विभाग यांच्यासमोर, कोणती झाडे ठेवायची, कोणती तोडायची आणि तोडलेल्या लाकडातील किडा कसा संपवायचा, हे काम येऊन पडले आहे. ते काम शास्त्रीय आणि प्रशासकीय आहे हे उघड आहे. पण त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती धर्मचिंतनाची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला कोणताही निर्णय अपुरा ठरतो.

प्रश्न नीट मांडायचा तर आधी तो किडा नीट पाहिला पाहिजे. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळातील ही एक शाखा असून तिला 'अँब्रोसिया भुंगेरे' म्हणतात. हे नाव 1836 मध्ये योझेफ श्मिडबर्गर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने अशा भुंगेऱ्यांच्या भुयारात आढळलेल्या पांढऱ्या अन्नाला दिले, आणि ग्रीक पुराणकथांत अँब्रोसिया म्हणजे देवांचे अन्न. त्या अन्नाचे खरे स्वरूप पुढे कळले : ती बुरशी होती, आणि भुंगेरे तिची रीतसर लागवड करत होते. सांता क्लारात आलेल्या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव 'युवॉलेशिया फॉर्निकेटस' असे असून त्याची मादी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची, काळसर रंगाची असते. तिच्या जबड्याजवळ एक सूक्ष्म पिशवी असते, जिला बुरशीकोश म्हणता येईल. त्यात ती फ्युझेरियम वर्गातील बुरशीचे बीज घेऊन उडते, योग्य झाड सापडले की एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद छिद्र पाडून आत शिरते, लाकडात भुयार खोदते, भुयाराच्या भिंतींवर बुरशी पेरते आणि तिथेच अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या लाकूड खात नाहीत, त्या ही बुरशी खाऊन वाढतात. आई भुयार साफ ठेवते आणि भुसा बाहेर ढकलते. नर आकाराने लहान असून त्यांना उडता येत नाही, ते सहसा भुयार सोडत नाहीत आणि तिथेच बहिणींशी त्यांचा समागम होतो. मग त्या बहिणी आईप्रमाणेच बुरशीचा बियाणेसाठा घेऊन बाहेर पडतात. त्यामुळे एक फलित मादी नव्या प्रदेशात पोहोचली तरी वसाहत उभी राहण्यास ती पुरेशी असते. मनुष्य शेती करू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. या भुंगेऱ्यांच्या कुळांनी बुरशीची शेती काही कोटी वर्षांपूर्वी सुरू केली. बीज जपणे, पेरणे, निगा राखणे आणि पुढच्या पिढीला ते सोपवणे ही सारी कामे येथे आहेत, आणि ज्याला शेतीबद्दल आदर आहे अशा माणसाने हे वर्णन वाचताना क्षणभर थांबावे, इतके ते विलक्षण आहे.

झाड मरते ते या शेतीच्या परिणामाने. बुरशी झाडाच्या जलवाहिन्यांत, म्हणजे मुळांपासून पानांपर्यंत पाणी नेणाऱ्या नलिकांत पसरते, त्या बंद पडू लागतात, फांद्या वाळतात आणि छिद्रे हजारोंच्या संख्येने वाढली की अख्खे झाड कोलमडते. झाड मारण्यात भुंगेऱ्याचा काही लाभ नाही. त्याला ओलसर, जिवंत लाकूड हवे असते, आणि पूर्ण वाळलेले खोड त्याला सोडून जावे लागते. आशियातील मूळ प्रदेशात त्याने सरसकट जंगले उभी वाळवल्याचे दिसत नाही, कारण तिथे झाडे, किडे, बुरशी आणि किड्यांचे शत्रू दीर्घकाळ एकमेकांसोबत जगत आले आहेत. संकट उभे राहते ते त्या साखळीतून एक कडी सुटी होऊन दुसरीकडे जाऊन पडते तेव्हा. कॅलिफोर्नियात हा किडा प्रथम 2003 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात सापडला, पण त्याच्यामुळे झाडे मरतात हे 2012 मध्ये एका परसातील अवोकाडोच्या झाडावरून ध्यानात आले. इस्रायलमध्ये 2009 च्या सुमारास अवोकाडोच्या बागांतून त्याचा उपद्रव नोंदला गेला, दक्षिण आफ्रिकेत 2017 मध्ये पीटरमारिट्झबर्गच्या वनस्पती उद्यानात तो ओळखला गेला, आणि 2021 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये. पर्थमध्ये त्याचे समूळ उच्चाटन करण्याचा मोठा प्रयत्न झाला, परंतु 2025 मध्ये ते शक्य नसल्याचे मान्य करून केवळ नियंत्रणाचे धोरण स्वीकारावे लागले. सांता क्लारा काउंटी लॉस एंजेलिसपासून सुमारे पाचशे किलोमीटर उत्तरेला आहे. एवढी मजल हा कीटक स्वतःच्या पंखांवर एका झेपेत मारत नाही. किडके लाकूड, विशेषतः जळण, माणसाच्या गाडीतून इकडून तिकडे जाते, हा त्याच्या लांबच्या प्रवासाचा सर्वांत परिचित मार्ग आहे.

या खोऱ्याला झाडांचा मोठा इतिहास आहे. 12 जानेवारी 1777 रोजी फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी येथे जे मिशन स्थापन केले, त्याला त्यांनी असीसीच्या संत क्लारेचे नाव दिले. ही क्लारा म्हणजे पशुपक्ष्यांना आणि चंद्रसूर्यांना भाऊबहीण मानणाऱ्या संत फ्रान्सिसची अनुयायी साध्वी. 1799 च्या सुमारास मिशनपासून सॅन होजे गावापर्यंतच्या रस्त्याच्या दुतर्फा विलोची झाडे लावली गेली, ती लावण्याचे श्रम मूळच्या ओलोनी लोकांनी केले, आणि तो रस्ता आजही 'अलामेडा' म्हणून ओळखला जातो. पुढे 1850 च्या दशकात फ्रान्समधून आलेल्या आलुबुखाराच्या कलमांतून या खोऱ्यात फळबागांचे युग सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्दाळू व आलुबुखार यांच्या मोहोरासाठी हे खोरे प्रसिद्ध होते. बागा गेल्या, संगणक उद्योग आला. तरी कोयोटी क्रीक आणि ग्वादालूपे नदी यांच्या काठांवर सायकामोर, कॉटनवुड, विलो आणि बॉक्स-एल्डर ही झाडे उभी राहिली, आणि नेमकी हीच झाडे या भुंगेऱ्याला सर्वाधिक मानवतात. त्याला वाढू देणाऱ्या झाडांच्या जाती कॅलिफोर्नियात साठाहून अधिक आहेत. त्यांत महाराष्ट्राला परिचित असलेला एरंडही आहे. ज्या झाडात किडा फार झाला आहे ते झाड हजारो नव्या माद्या हवेत सोडणारे केंद्र बनते, म्हणून ते तोडावे, त्याचे अडीच सेंटिमीटरपेक्षा बारीक तुकडे करावेत, ते कुजवावेत किंवा पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापवावेत, असा सल्ला दिला जातो. त्या तापत्या ढिगाखाली संपूर्ण वसाहती, माता आणि अळ्यांसकट, नष्ट होतात. धर्माच्या दृष्टीने या घटनेला काय म्हणायचे?

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे तिला संरक्षणात्मक युद्ध मानणे. परकीय शत्रू घुसला आहे, तो आपली झाडे मारतो आहे, म्हणून त्याला मारणे न्याय्य आहे. हिंसेचे बारकाईने वर्गीकरण जैन आचारशास्त्राने केले आहे, आणि सांता क्लारा काउंटीतच मिलपिटास येथे जैन समाजाचे मोठे मंदिर असल्याने त्या शास्त्राचा विचार येथे परका नाही. गृहस्थाच्या संदर्भात हे शास्त्र हिंसेचे चार प्रकार सांगते : मारण्याच्या हेतूनेच केलेली ती संकल्पी, स्वयंपाक-साफसफाई अशा घरकामात घडणारी ती आरंभी, शेती-व्यवसायात घडणारी ती उद्योगी, आणि आक्रमकापासून स्वतःचे वा आश्रितांचे रक्षण करताना घडणारी ती विरोधी. गृहस्थाला पूर्णपणे वर्ज्य आहे ती पहिली. बाकीच्या तीन त्याने शक्य तितक्या कमी कराव्यात. भुंगेऱ्याविरुद्धची मोहीम विरोधी हिंसेत बसवण्याचा मोह होतो, पण ती तिथे बसत नाही, कारण विरोधी हिंसेच्या कल्पनेत समोरचा जीव विरोधक असावा लागतो. त्याने काही ठरवून अन्याय केलेला असावा लागतो किंवा निदान तो आपल्यावर धावून आलेला असावा लागतो. भुंगेऱ्याने यातले काहीच केलेले नाही. तो आपल्या पिलांसाठी शेत शोधत होता आणि माणसाने त्याला चुकीच्या शेतात नेऊन सोडले.

राहिला परकेपणाचा मुद्दा. तो तर अधिकच कच्चा आहे. सांता क्लारा काउंटीतील सुमारे चाळीस टक्के रहिवासी अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत, त्यांत हजारो मराठी कुटुंबे आहेत, आणि जून 2024 च्या अखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन याच सॅन होजे शहरात भरले होते. ज्या आलुबुखारांचा आणि जर्दाळूंचा अभिमान खोऱ्याने शंभर वर्षे बाळगला तीही बाहेरून आलेलीच होती. मूळस्थान दुसरीकडे असणे हा दोष मानला तर त्या दोषातून कोणीच सुटत नाही. शिवाय हाच किडा, किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, आपल्या घरीही त्रास देतोच. श्रीलंका आणि दक्षिण भारतातील चहाच्या मळ्यांना या गटातील भुंगेऱ्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ सतावले आहे, आणि गेल्या काही वर्षांत सोलापूर जिल्ह्यातील सांगोला व सांगलीतील आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत डाळिंबाच्या खोडांना शेतकरी ज्याला 'पिन होल बोरर' किंवा 'खोडकिडा' म्हणतात त्याने ग्रासले, तेव्हा अनेकांना कर्ज काढून उभ्या केलेल्या बागा मुळासकट उपटाव्या लागल्या. सांगोल्यात हा किडा परदेशातून घुसलेला नव्हता. तो या उपखंडाचाच रहिवासी आहे. तरीही शेतकऱ्याने गेरू, कीटकनाशक आणि बुरशीनाशक यांचा लेप खोडाला लावला, किडकी झाडे जाळली, आणि कोणत्याही विवेकी माणसाला ते समजते. याचा अर्थ असा की किड्याला मारण्याचे समर्थन जे काही असेल ते त्याच्या जन्मस्थानात शोधून सापडणार नाही. ते शोधायचे असेल तर झालेल्या हानीत आणि ती हानी ज्याच्यामुळे घडली त्या माणसाच्या जबाबदारीत शोधावे लागेल.

दुसरे उत्तर जिवांच्या श्रेणीचे आहे : झाड मोठे, किडा लहान, म्हणून किड्याने जागा द्यावी. परंपरेच्या कसोटीवर हे उत्तर चक्क उलटे पडते. जैन मताप्रमाणे झाड एकेंद्रिय आहे, म्हणजे त्याला केवळ स्पर्शाची संवेदना आहे. भुंगा मात्र माशी आणि विंचू यांच्यासोबत चतुरिंद्रिय जिवांत मोडतो, त्याला स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी आहे. संवेदना जितकी अधिक तितकी हिंसा अधिक गंभीर, या नियमाने एका झाडासाठी हजारो चतुरिंद्रियांचा बळी देणे हा महागडा व्यवहार ठरतो. महाभारताच्या शांतिपर्वातील भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादात झाडांना अधिक वरचे स्थान मिळते. उष्णतेने पाने कोमेजतात म्हणून झाडाला स्पर्श आहे, मेघगर्जनेने फुले गळतात म्हणून त्याला श्रवण आहे, वेल वाट शोधत वर चढते म्हणून तिला दृष्टी आहे, अशा युक्तिवादाने भृगू झाडाला जवळजवळ सर्व इंद्रिये बहाल करतो. ते मान्य केले तरी झाड आणि किडा फार तर बरोबरीला येतात. आधुनिक विज्ञानही किड्याला निःसंवेदन ठरवून या अडचणीतून सोडवत नाही; एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी प्राण्यांच्या जाणिवेविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात कीटकांसह अनेक अपृष्ठवंशीय प्राण्यांत जाणिवेचा अनुभव असण्याची वास्तव शक्यता आहे आणि ती निर्णय घेताना दुर्लक्षू नये, असे म्हटले आहे.

यावर पर्यावरणविचाराने दिलेले उत्तर असे की मोजदाद सुट्या जिवांची करायची नसते. आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनशास्त्रज्ञाच्या 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात 'भूमीची नीती' मांडलेली आहे. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा जो समुदाय आहे त्याचे स्वास्थ्य टिकवणारी कृती योग्य, असे तिचे सूत्र आहे. सायकामोरचे एक झाड म्हणजे एक खोड नव्हे. त्याच्या ढोलीत घुबड राहते, सावलीमुळे ओढ्याचे पाणी माशांना सोसेल इतके थंड राहते, मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो. या युक्तिवादात मोठे तथ्य आहे आणि त्याच्याशिवाय झाड वाचवण्याचे पुरेसे कारण देता येत नाही. परंतु समुदायाच्या स्वास्थ्यासाठी घटकाचा बळी देण्याची मुभा एकदा दिली की ती कुठे थांबवायची, असा आक्षेप प्राण्यांच्या हक्कांचे पुरस्कर्ते टॉम रीगन यांनी 1983 मध्ये घेतला आणि अशा विचाराला फॅसिझमची उपमा दिली. उपमा जहाल आहे. पण तिच्यातली भीती निराधार नाही, कारण समुदाय निरोगी म्हणजे कसा हे ठरवणारा शेवटी माणूसच असतो आणि त्याच माणसाने त्या समुदायात भुंगेरा आणून सोडलेला असतो.

या ठिकाणी मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाकडे वळावे लागते. शके 1212, म्हणजे 1290 मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथात गीतेतील ज्ञानाच्या लक्षणांपैकी 'अहिंसा' या एका शब्दावर जे दीर्घ विवेचन आहे, ते मराठीतील नीतिचिंतनाचे एक शिखर मानले पाहिजे. अहिंसा म्हणजे काय ते सांगण्याआधी ज्ञानदेव इतरांनी तिच्या नावाने काय काय केले ते सांगतात. यज्ञात पशू मारून त्यातून कल्याण साधू पाहणाऱ्यांची अहिंसा, झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या खोडाला कुंपण घालावे तशी आहे, अशा अर्थाचा दृष्टांत त्यांनी दिला आहे. पुढे ते आयुर्वेदाकडे वळतात आणि तिथे त्यांची वाणी आणखी तीक्ष्ण होते : एक जीव वाचावा म्हणून हे शास्त्र दुसऱ्या जिवांचा घात करायला सांगते, वनस्पती मुळासकट उपटते, झाडांच्या साली काढते, गाभा उकडते. करुणेने सुरू झालेली चिकित्सा हिंसेवर उभी असते, ही गोष्ट इतक्या निःसंकोचपणे मांडणारा दुसरा धर्मग्रंथ सहज आठवत नाही. झाडांच्या वैद्यकाला, ज्याला आपल्याकडे वृक्षायुर्वेद म्हणत, तीच टीका लागू पडते. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात झाडांना दिल्या जाणाऱ्या कुणपजल नावाच्या पोषक द्रवाची कृती आहे, आणि तो द्रव प्राण्यांचे मांस व मज्जा कुजवून केला जातो. सॅन होजेमध्ये खोडात टोचले जाणारे कीटकनाशक आणि बुरशीनाशक ही त्याच परंपरेची आजची रूपे आहेत.

ज्ञानदेवांच्या टीकेवरून औषधच देऊ नये, असा निष्कर्ष निघतो का? तसा निघत असल्याचे दिसत नाही. ही टीका केल्यानंतर ते नवा विधिनिषेध सांगत नाहीत. अहिंसा ज्याच्या अंगी मुरली आहे तो माणूस कसा चालतो, कसा बोलतो, कसा पाहतो, त्याचा हात कसा हलतो, याचे अत्यंत कोवळे वर्णन ते करतात, आणि पायाखाली काही सापडेल म्हणून जपून पाऊल टाकणारी ती चाल हे त्या वर्णनाचे केंद्र आहे. प्रश्नाचा रोख 'मारावे की मारू नये' यावरून हलून 'मारणाऱ्याचे मन मारताना कुठे असते' याकडे जातो. त्यांच्या टीकेतला दंश आयुर्वेदाच्या उपयोगावर नसून हिंसेला अहिंसा म्हणवून घेण्यावर आहे. भुंगेऱ्याला शत्रू म्हणणे ही नेमकी तशीच सोय आहे : मारणे चालू ठेवायचे आणि मारल्याचे ओझे मात्र मरणाऱ्याच्या माथी द्यायचे.

हे ओझे कुठे ठेवायचे ते महाभारतातील धर्मव्याध अधिक स्पष्टपणे सांगतो. वनपर्वातील या कथेत तपाचा गर्व झालेला कौशिक नावाचा ब्राह्मण मिथिलेतील एका मांसविक्रेत्याकडे धर्म शिकायला येतो, आणि तो व्याध त्याला दाखवून देतो की नांगर जमिनीत घातला की असंख्य जीव मरतात, चालताना मरतात, धान्याचा दाणाही सजीवच असतो. जगात कोणीही संपूर्ण अहिंसक नाही, यत्न करणाऱ्याकडून हिंसा कमी घडते एवढेच. मनुस्मृतीने हाच विचार घरात आणला. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच वस्तूंना तिने 'सूना', म्हणजे वधस्थाने म्हटले आहे, कारण त्यांच्या वापरात रोज जीव मरतात. आणि त्या हिंसेच्या निष्कृतीसाठी अध्ययन, पितृतर्पण, होम, अतिथिसत्कार आणि भूतांना, म्हणजे प्राणिमात्रांना अन्नदान, असे पाच नित्ययज्ञ सांगितले आहेत. त्या शेवटच्या यज्ञात घरच्या अन्नाचा वाटा ज्यांच्यासाठी जमिनीवर ठेवायचा त्यांच्या यादीत कुत्रे आणि कावळे यांच्यासोबत कृमीही आहेत. मनुस्मृतीच्या सामाजिक विधानांना महाराष्ट्राने न्याय्य कारणांनी नाकारले, आणि ते नाकारणे योग्यच होते. परंतु या एका कल्पनेत जी नैतिक प्रगल्भता आहे ती त्या नकारात हरवू देऊ नये. येथे मरणारा किडा शत्रू नाही, मारणारा गृहस्थ निर्दोष नाही, चूल पेटवणे थांबत नाही, आणि चूल पेटवल्याने ज्यांचे जीवन हिरावले जाते त्यांचे देणे रोज शिल्लक राहते.

सांता क्लारातील झाडतोड याच वर्गातली आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. जागतिक व्यापार, लाकडी खोक्यांतून होणारी मालवाहतूक आणि जळणाची ने-आण ही आजच्या संसाराची चूल आणि केरसुणी आहेत; त्यांच्यामुळे कुठला भुंगेरा कुठल्या खोडात जाऊन पडला, आणि आता झाड व भुंगेरा दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते आहे. म्हणून गंभीररीत्या किडलेले झाड तोडणे कर्तव्य ठरते, कारण ते न तोडल्यास ओढ्याकाठची आणखी शेकडो झाडे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले जीव मरतात आणि शेवटी अधिक भुंगेरेही मारावे लागतात. परंतु त्या कर्तव्याने हिंसा पुसली जात नाही. 1926 मध्ये अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातील साठ भटकी कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्या कृतीला नाइलाज म्हणून पाठिंबा दिला, तेव्हा देशभरातून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. गांधीजींनी त्या वादात हिंसेचे समर्थन अहिंसेच्या नावाने केले नाही. समाजाने कुत्र्यांची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही म्हणून हा प्रसंग आला, या मूळ मुद्द्याकडे त्यांनी पुन्हापुन्हा लक्ष वेधले. भुंगेऱ्याच्या बाबतीतही जबाबदारी कोणाची, असा प्रश्न विचारला तर उत्तरे फार लांब शोधावी लागत नाहीत.

ज्या ख्रिस्ती परंपरेच्या वारशात सांता क्लारा वाढले, तिनेही हा प्रश्न स्वतःच्या भाषेत विचारला आहे. मध्ययुगाचे इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात, निसर्गावर माणसाचे प्रभुत्व मानणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणेला पर्यावरणीय संकटाचे मूळ ठरवले आणि त्याच लेखात संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा संरक्षक संत मानावे असे सुचवले; 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणाही केली. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाने सृष्टीकडे बंधुभावाच्या नात्याने पाहण्याचा आग्रह धरला. संत फ्रान्सिसने लांडग्याशी तह केला अशी आख्यायिका आहे. भुंगेऱ्याशी तह करता येत नाही, आणि म्हणूनच बंधुभावाची ही कल्पना इथे सर्वांत कठोर परीक्षेला बसते. तहाविना नाते टिकवायचे असेल तर ते माणसाच्या बाजूने, एकतर्फीच टिकवावे लागते.

हे एकतर्फी देणे प्रत्यक्षात कसे असते याचा एक नमुना सांता क्लारापासून दूर, मेक्सिकोच्या सीमेवरील तिहुआना नदीच्या खोऱ्यात मिळाला. 2015 मध्ये तिथे या भुंगेऱ्याच्या जवळच्या जातीने, 'कुरोशिओ' भुंगेऱ्याने, विलोच्या विस्तीर्ण जंगलात धुमाकूळ घातला आणि पुढच्या वर्षभरात लाखो झाडे किडली. जॉन बोलँड या परिसरशास्त्रज्ञाने त्या जंगलाचे सातत्याने निरीक्षण केले, तेव्हा असे दिसले की सांडपाण्याने पोसलेल्या ओल्या भागातली झाडे सर्वाधिक कोसळली आणि कोरड्या भागातली बरीचशी वाचली. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे भराभर वाढलेले लाकूड मऊ आणि पाणीदार होते, आणि भुंगेऱ्याला व त्याच्या बुरशीला तेच हवे असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढच्या वर्षांत तुटलेल्या बुंध्यांतून विलोला नवे धुमारे फुटले आणि किडीचा जोर ओसरला. याचा सरळ अर्थ असा की त्या जंगलाची हानी भुंगेऱ्याइतकीच नदीत सोडलेल्या सांडपाण्याने केली होती. तिथे जी निष्कृती करायची ती किडा मारून होत नाही, सांडपाणी शुद्ध करून होते. सांता क्लारात ती निष्कृती म्हणजे किडके जळण न हलवणे, एकाच जातीची झाडे रांगेने लावण्याचा हट्ट सोडणे, छिद्रे आणि भुसा दिसताच कळवणे, आणि जिथे एक-दोन फांद्या कापून भागते तिथे अख्खे झाड न तोडणे. शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, कारण त्यासाठी प्रत्येक खोड वारंवार हाताने तपासावे लागते, आणि शहराकडे झाडे लाखांत असतात, तपासणारे हात मात्र थोडेच.